वात न लावलेला हिवाळा

एलवुड प्राउटीला कुणी विचारलं, तू यार्डात काय करतोस, तर तो म्हणायचा, "पाणी काढतो." हेरिक कोव्हमध्ये तेवढं पुरायचं. बीलच्या यार्डात बोटी रंगवणारे होते, इंजिनं खोलणारे होते, शिडं शिवणारी एक बाईसुद्धा होती. पण डेकच्या काठाला साचलेलं पाणी काढणारा हा एकटाच. हे काय काम झालं, असं म्हणणारेही होते. ते बहुतेक उन्हाळ्यापुरते येणारे बोटींचे मालक, आणि बोट सडली की आधी तेच ऊर बडवायचे.

पाण्यात असताना बोट आपला तोल आपण सांभाळते. डेकवरचं पाणी काठाकडे धावतं, तिथल्या उंच कडेला अडतं आणि कडेतल्या मोरीतून समुद्रात जातं. ऑक्टोबरात तीच बोट बाहेर काढून लोखंडी टेकूंवर उभी केली की तिचा तोल टेकू ठरवतात. मोरी राहते वर आणि पाणी खाली. बोटीचं नाक जरा वर ठेवलं की पाणी मागे पळतं, हे यार्डातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण प्रत्येक डेकला कुठेतरी एक खळगा असतोच, आणि कुठल्या बोटीचा खळगा कुठे, हे फक्त एलवुडला तोंडपाठ. मुलांचे वाढदिवस त्याला बायको, आर्डिथ, आठवण करून द्यायची. खळगे तो कधी विसरला नाही.

त्याची युक्ती साधी होती. आर्डिथचे जुने स्वेटर उसवून त्या लोकरीचे हातभर लांबीचे पीळ करायचे. पीळ ओला करून एक टोक खळग्यात सोडायचं, दुसरं कडेवरून बाहेर, आतल्यापेक्षा खाली लोंबतं ठेवायचं. पाणी लोकरीतून आपोआप कड ओलांडायचं आणि थेंब थेंब जमिनीवर पडायचं. एलवुड त्याला वात म्हणायचा. कडाक्याच्या थंडीत वात गोठली की तो थर्मासमध्ये गरम पाणी आणि खिशात स्पंज घेऊन शिडीवर चढायचा.

एवढा आटापिटा का, तर ह्या बोटींचं डेक म्हणजे दोन पातळ फायबरच्या कवचांमध्ये दाबलेलं बाल्साचं लाकूड. हलकं, भुसभुशीत, पाण्याला हपापलेलं. डेकवर जिथे जिथे स्क्रू मारलेला, तिथे तिथे पाण्याला दार. एकदा आत शिरलं की बाहेर यायचं नाव नाही. वरून डेक चकाचक, आतून चिखल.

अशा साठेक बोटींमध्ये एक होती सँडरलिंग. डॉक्टर व्हिटकॉम्ब यांची, बत्तीस फुटी, निळी. एकतीस हिवाळे एलवुडने तिचं पाणी काढलं. तिचा खळगा उजव्या बाजूला, कठड्याच्या तिसऱ्या खांबाच्या बुडाशी, पसरलेल्या तळव्याएवढा. दरवर्षी जूनमध्ये बोट पाण्यात उतरली की पहिल्या दिवशी डॉक्टर त्याला बरोबर घ्यायचे आणि बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या घंटेच्या तरंडीपर्यंत सुकाणू त्याच्या हातात द्यायचे. तिथून डॉक्टर स्वतः सुकाणू घेऊन बोट परत वळवायचे. एकतीस वर्षांत एलवुड तरंडीच्या पुढे कधी गेला नव्हता. पुढे शीप आयलंड, त्याच्या पलीकडे मोकळा समुद्र. आपण आपल्या मनाने सुकाणू फिरवावं, बेटाला वळसा घालावा, वाटलं तर तिथेच नांगर टाकून डबा खावा, एवढंच त्याला हवं होतं. फार नव्हतं मागत बिचारा. पण तेच तर, मागतच नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर डेकवर बसून गुळाचा डोनट खाता खाता म्हणाले होते, "एलवुड, माझे हातपाय थकले की ही बोट तुझी. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

"बघू," एलवुड म्हणाला.

ना कागद, ना साक्षीदार. पुन्हा तो विषय डॉक्टरांनी काढला नाही आणि एलवुडने तर नाहीच नाही. आमच्या ह्या किनाऱ्यावर एक वाईट खोड आहे: कुणी कुणाकडे काही मागत नाही. शेजाऱ्याच्या दारात मासे ठेवून गुपचूप निघून येतील, त्याच्या छपरावरचा बर्फ न सांगता काढून देतील. पण "मला दे" म्हणणं म्हणजे भर चर्चमध्ये नाक कापून घेणं. घरात लाकूड संपलं तरी माणूस म्हणतो, यंदा थंडी तशी बरीच म्हणायची. एलवुडचं रक्त ह्याच मातीतलं. डॉक्टरांचं ते एक वाक्य त्याने अकरा वर्षं मनात जपलं आणि मनातच मांडे खाल्ले.

ऑगस्टमध्ये डॉक्टर झोपेतच गेले. ऑक्टोबरात त्यांची मुलगी मेरेडिथ यार्डात आली. हिला एलवुडने गाठी मारायला शिकवलं होतं, तेव्हा ती त्याच्या कमरेएवढी होती. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"भाऊ विकायची म्हणतोय," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये तो बोटी तपासणारा गॅफनी येऊन बघणार. त्याने चांगली म्हटली तर जाईल कुणाकडे तरी. नाही म्हटली तर मग कुणीतरी घेऊन जावी. मी काय करू तिचं?"

"हं," एलवुड म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं?"

आता ह्याहून मोठं दार कोण उघडून देणार? बाई समोर उभी, विचारतेय, ऐकायला तयार आहे. एलवुडने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"डेक कोरडं आहे तिचं," तो म्हणाला.

ती हसली, त्याच्या दंडाला हात लावून निघून गेली. त्याच्या कानात मात्र एकच शब्द राहिला: कुणीतरी. नाही म्हटली तर कुणीतरी घेऊन जावी. कुणीतरी म्हणजे कोण? यार्डातला म्हातारा एलवुड, दुसरं कोण!

घरी त्याने आर्डिथला सगळं सांगितलं. ती दर शनिवारच्या ठरलेल्या बीन्स ढवळत होती.

"मग म्हणालास का, मला दे म्हणून?"

"असं कसं म्हणायचं?"

"तोंडाने म्हणायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, एलवुड. तू सहासष्ट वर्षांचा झालास, आता तरी रड."

"डॉक्टरांनी शब्द दिला होता."

"डॉक्टर तिकडे टेकडीवर मातीखाली आहेत. त्यांना जाऊन विचार मग."

तो उठून बाहेर गेला आणि रचलेली लाकडं पुन्हा रचत बसला.

नोव्हेंबरात पहिला मोठा पाऊस झाला. बऱ्याच बोटींवर हल्ली पांढरं प्लास्टिक ताणून बसवतात, पण सँडरलिंगवर डॉक्टरांची जुनी कॅनव्हास होती आणि ती शिवणीतून गळायची. एलवुड यार्डभर वाती लावत फिरला. सँडरलिंगच्या शिडीपाशी आला, वर चढला. खळग्यात पाणी होतं. खिशात वात होती. त्याने ती बाहेर काढली, बोटांत फिरवली आणि परत खिशात घातली.

मी काही केलं नाही, तो स्वतःला म्हणाला. लावली नाही, एवढंच. विसरतो माणूस.

एकतीस वर्षांत न विसरलेला माणूस! पण मनाला समजवायला तेवढं पुरलं. डिसेंबरभर पाणी तिथेच गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं. एलवुड रोज शिडीच्या बाजूने जायचा आणि वर बघायचा नाही. पण त्याने जन्मभर बोटीच बघितलेल्या. त्याला ठाऊक होतं की नुसतं साचून काही होणार नाही. त्या खांबाचे स्क्रू त्यानेच बसवले होते, त्यांच्याखाली पाणी अडवणारी लांबी त्यानेच लुकणासारखी भरली होती, आणि ती चोख भरली होती. त्याचं स्वतःचंच काम त्याला आडवं आलं.

जानेवारीत एका दुपारी यार्डाचा मालक रोलंड बील बँकेत गेलेला असताना एलवुड स्क्रूड्रायव्हर घेऊन वर चढला. तिसऱ्या खांबाचे चारही स्क्रू त्याने एकेक वेढा सैल केले. लांबी फाटल्याचा बारीक आवाज त्याने ऐकला. मग थर्मासमधलं गरम पाणी खळग्यातल्या बर्फावर ओतलं आणि पाणी खांबाच्या बुडाशी हळूहळू कमी होताना बघत बसला. मोरीतून नाही, वातीतून नाही. आत. खाली उतरताना शिडीची एक पायरी चुकली आणि गुडघा सोलवटला. घरी म्हणाला, बर्फावर घसरलो.

त्या आठवड्यात तो जेवला नाही धड. आर्डिथने हॅडॉक माशाचं सूप केलं, ते चमच्याने ढवळत बसला.

"कुणी मेलंय का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग मेल्यासारखा बसू नकोस. सूप गार होतंय."

मार्चच्या सुरुवातीला त्याला सोसवेना. आठवडाभर ऊन पडलं होतं. तो वर गेला, स्पंजने खळगा टिपला, स्क्रू काढले, भोकं गरम हवेने वाळवली, नवी लांबी भरून खांब पुन्हा घट्ट बसवला. वात लावली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण लाकूड प्यायचं ते प्यायलं होतं. आणि खरं सांगायचं तर, ते प्यायलेलं असावं, अशी त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात इच्छाही होती. पश्चात्ताप झाला म्हणून हाव जाते थोडीच?

एप्रिलमध्ये गॅफनी आला. वरच्या किनाऱ्यावरचा माणूस, लहानशी प्लास्टिकची हातोडी आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन फिरणारा. मेरेडिथ खाली कॉफीचा पेला धरून उभी, रोलंड शेजारी, एलवुड शिडी धरून. गॅफनी डेक वाजवत निघाला. टक, टक, टक. नाण्यासारखा आवाज. डावी बाजू झाली, नाक झालं, डोलकाठीची जागा झाली.

"पन्नास वर्षांची बोट आणि असं डेक," तो वरून म्हणाला, "मी तरी बघितलं नाही."

एलवुडची छाती फुगली. ह्या माणसाची गंमत बघा, अजूनही फुगली.

मग तिसरा खांब. टक, टक, थप्प. गॅफनी थांबला. पुन्हा वाजवलं. थप्प. यंत्र टेकवलं, त्याचा काटा उजवीकडे जाऊन बसला.

"आलं," तो म्हणाला. "वाटलंच. ह्या वयाच्या बोटीत कुठेतरी असणारच."

"किती खराब आहे?" मेरेडिथने विचारलं.

"इथे तर ओलं आहे. आत कुठवर गेलंय, ते कापल्याशिवाय सांगता येत नाही. पाणी असं एका जागी बसत नाही, कड धरून पसरतं. मी लिहिणार, डेकचं लाकूड ओलं, व्याप्ती अज्ञात. विमावाले हे वाचून फोनसुद्धा उचलायचे नाहीत."

"तेवढंच आहे ते," एलवुड म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सहसा अशा वेळी बोलत नसे.

"तळव्याएवढं. जास्त नाही."

"तुला कसं माहीत?" गॅफनीने विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती, माणूस खरंच विचारत होता.

इथे घोडं अडलं. कारण मी केलंय ते, जानेवारीत, चार स्क्रू, एक थर्मास. म्हणून मला माहीत. एवढं बोलला असता तर बोट वाचली असती. पण मग एकतीस वर्षं तिचं पाणी काढणारा एलवुड प्राउटी उरला नसता.

"माझा हात फिरलाय तिच्यावर," तो शेवटी म्हणाला.

"हात फिरून आतलं कळत असतं तर मी हातोडी कशाला घेतली असती, आजोबा?" गॅफनी म्हणाला आणि शिडी उतरायला लागला.

गॅफनी गेल्यावर मेरेडिथ बराच वेळ बोटीकडे बघत होती. एलवुड तिच्याजवळ गेला. सबंध आयुष्यात पहिल्यांदा तो मागणार होता.

"मी घेतो ती," तो म्हणाला. "ओली तर ओली. मला दे."

ह्या दोन शब्दांसाठी अकरा वर्षं लागली होती.

मेरेडिथचे डोळे भरून आले. "नाही, एलवुड. तुम्ही बाबांसाठी एवढं केलंत. आता म्हातारपणी ही सडकी बोट गळ्यात बांधू? तुम्ही रात्रंदिवस तिचं डेक फोडत बसाल, मला माहीत आहे ना तुम्ही कसे आहात. बाबांनी मला माफ केलं नसतं."

"मला चालेल."

"मला नाही चालणार." तिने नाक पुसलं. "तुम्हाला सांगू? ऑक्टोबरात मी आले होते ना, तेव्हा भावाशी भांडायच्या तयारीने आले होते. तुम्ही नुसतं म्हणायचा अवकाश होता, तिथल्या तिथे देऊन टाकली असती. तुम्ही म्हणालात, डेक कोरडं आहे. मला वाटलं, तुम्हाला नकोय, फक्त विकायला चांगली आहे एवढं सांगताय."

रोलंड मध्ये पडला. तो वाईट माणूस नाही, पण यार्डाच्या मागे फुकट दिलेल्या तीन बोटी झुडपं वाढून उभ्या होत्या आणि त्याचा त्याबाबतीत नियम ठरलेला होता.

"तपासणीत नापास झालेली बोट माझ्या यार्डातून तुकड्यांनीच जाते," तो म्हणाला. "घेणारा देवदूत असला तरी. मेमध्ये कापून टाकू. जागा लागणार आहे."

"कापणार कोण?" मेरेडिथने विचारलं.

रोलंडने एलवुडकडे बघितलं. दुसरं कोण? तिच्या पोटात कुठे काय आहे, हे त्यालाच तर माहीत होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, स्वच्छ उन्हात, एलवुडने करवत चालवली. मेरेडिथ आदल्या दिवशी सुकाणूचा दांडा आणि कंपास घेऊन गेली होती. कापताना बघवणार नाही म्हणाली. त्याने नाकापासून सुरुवात केली आणि डेकच्या वावभर लांबीच्या फळ्या काढत मागे सरकला. प्रत्येक फळीची कड उन्हात चमकत होती. दोन कवचांच्या मध्ये बाल्सा, पांढरं, कोरडं, नुकतं गिरणीतून आणल्यासारखं. नखाने खरवडलं तर भुसा उडायचा. एकतीस हिवाळ्यांचं त्याचं काम पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होतं, आणि ते बघायला बोट कापावी लागली होती.

रोलंड येऊन एक फळी उचलून बघू लागला. दुसरी उचलली.

"हे तर खडखडीत आहे," तो म्हणाला. "एलवुड, हे सगळं खडखडीत आहे!"

एलवुडने तिसऱ्या खांबाजवळची फळी कापली. तिच्या कडेला एक काळा डाग होता. तळव्याएवढा. बोटभरही जास्त नाही.

"एवढ्यासाठी?" रोलंडचा चेहरा लाल झाला. "एवढ्या डागासाठी त्या गाढवाने चांगली बोट मारली? तू सांगत होतास. तेव्हाच सांगत होतास तू! आणि तो तुला आजोबा म्हणून हसला."

एलवुडने करवत बंद केली.

"ह्या माणसाला पुन्हा माझ्या यार्डात पाऊल ठेवू देणार नाही," रोलंड म्हणाला. "सगळ्या किनाऱ्याला सांगतो, बघच तू."

आणि सांगितलंही त्याने. जूनपर्यंत गॅफनीला इथल्या चार बंदरांत कुणी बोलवेना. त्याने हातोडी वाजवली, ऐकू आलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, हाच त्याचा गुन्हा. एलवुडला हे सगळं कळत होतं. रोज सकाळी यार्डात जाताना तो ठरवायचा, आज रोलंडला सांगू. रोज संध्याकाळी न सांगता परत यायचा. एकदा कष्टाने मागायला शिकलेला माणूस कबूल करायला कधी शिकणार होता?

बोट कापली त्या दिवशी त्याने डागाचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला होता आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला होता. शनिवार होता. आर्डिथने हात पुसले, कागद उलगडला, डागावर अंगठा दाबून बघितला. लाकूड तिथे ओल्या पावासारखं दबलं.

"हे काय?"

त्याने सांगितलं. खिशातली वात, चार स्क्रू, थर्मास, सोलवटलेला गुडघा, सगळं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. आर्डिथ समोरच्या खुर्चीवर बसली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"एवढंच ओलं होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

"आणि बाकीची सगळी बोट?"

"कोरडी. अगदी शेवटच्या इंचापर्यंत."

आर्डिथने तुकडा उलटसुलट करून पाहिला, एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला पांढरा.

"म्हणजे दोन्ही कामं चोख केलीस म्हणायची," ती म्हणाली आणि बीन्सचं भांडं उतरवायला उठली.